समुद्र जवळ आहे, दवाखाना किती लांब?

डिसेंबर उजाडला की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या घरमालकांचे फोन दिवसभर वाजत राहतात. आठ माणसे, दोन रात्री, समुद्राजवळचे कॉटेज हवे. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. समुद्र चालत किती मिनिटांवर? एसी आहे का? गाडी आतपर्यंत येते का? सुरमई मिळेल की पापलेट? मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात का? नेटवर्क कोणाचे येते? या प्रश्नांत वावगे काहीच नाही. वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी आहे, ती नीट जावी असे कोणालाही वाटणार. मात्र या यादीत न्हाणीघराला खिडकी आहे का, विहिरीपासून शोषखड्डा किती लांब आहे आणि रात्री दोन वाजता सापाचे इंजेक्शन कुठे मिळेल, हे प्रश्न सहसा नसतात.

असे प्रश्न विचारणे म्हणजे सहलीआधीच अभद्र बोलणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या मुक्कामात जिवावर बेतणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांची चौकशी पैसे भरण्यापूर्वी पाच मिनिटांच्या फोनवर होऊ शकते.

सुरुवात न्हाणीघरापासून करावी. जुन्या कोकणी घरात आंघोळीचे पाणी मागच्या परड्यातल्या चुलीवर, मोकळ्या हवेत तापायचे. आता पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोलीला लागून पाच बाय सहाचे न्हाणीघर असते आणि त्यातच भिंतीवर गॅसचा गिझर टांगलेला असतो. विजेचा भरवसा नसलेल्या गावात गॅस सोयीचा पडतो, हे खरे. पण बंद जागेत गॅस जळू लागला की प्राणवायू कमी होत जातो आणि ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते. दाराची कडी काढावी असे वाटेपर्यंत हात उचलत नाही. एका कुटुंबातली चार माणसे पाठोपाठ आंघोळ करतात तेव्हा सर्वाधिक धोका शेवटच्या माणसाला असतो, कारण आधीच्या तिघांच्या वेळचा वायू तिथेच साठलेला असतो. बाहेर काढलेल्या माणसाला फिट आली असावी किंवा हृदयविकाराचा झटका आला असावा, असे घरच्यांना वाटते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते. ते प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसतो आणि माणूस मात्र गुदमरलेला असतो.

हा धोका फक्त थंड हवेच्या ठिकाणी असतो, हाही गैरसमज आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे गॅस हीटर लावून झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला, त्याची बातमी आपल्याकडे सर्वत्र आली. तिथे थंडी होती. पण मे २०२२ मध्ये बहामासमधील एका समुद्रकिनारी रिसॉर्टमध्ये तीन अमेरिकी पर्यटक दगावले, तेही कार्बन मोनॉक्साइडनेच. उकाड्याच्या देशातसुद्धा पाणी तापवायला, स्वयंपाकाला, जनरेटर चालवायला काहीतरी जळतच असते. कोकणात वीज गेल्यावर सुरू होणारा जनरेटर झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवलेला असेल, तर त्याचा धूर रात्रभर खोलीत शिरतो.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा असावा: गिझर विजेचा आहे की गॅसचा? गॅसचा असेल तर तो न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर? बाहेर मोकळ्यावर बसवून पाइपने पाणी आत आणले असेल, तर चिंता नाही. आत असेल आणि खिडकी नसेल, किंवा खिडकी असूनही काच कायमची बंद केलेली असेल, तर दुसरे घर पाहावे. ऐनवेळी इलाज नसेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. कोणी आत कोसळले असेल, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे आणि गॅसचा गिझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातले विषारी वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शंभर टक्के प्राणवायू दिला तर हेच काम साधारण तास-दीड तासात होते. उपचार एवढा साधा आहे, पण निदान सुचायला हवे.

दुसरी गोष्ट विजेची. खाऱ्या हवेत तारांचे जोड, स्विच आणि पंपाचे भाग शहरापेक्षा लवकर गंजतात. अंगणातले दिवे, विहिरीवरचा पंप, जलतरण तलावाभोवतीची रोषणाई, ओल्या पायांनी हात लागणारी बटणे, हे सगळे मुक्कामाच्या घरात एकत्र येते. फ्यूज किंवा एमसीबी वायरिंगचे रक्षण करते. माणसाचे रक्षण करते ते वेगळे उपकरण, ज्याला बोलीत ईएलसीबी आणि बाजारात आता आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे हे उपकरण गळतीचा प्रवाह जाणवताच क्षणार्धात वीज तोडते. मुख्य फलकावर 'टी' लिहिलेले छोटे बटण दिसले तर ते आहे असे समजावे. मालकाला विचारून ते एकदा दाबले आणि वीज गेली, तर ते चालूही आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे फसगत जास्त होते, कारण तिचा परिणाम मुक्कामी असताना दिसत नाही. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र आहे. पाऊस जसा त्यातून झिरपतो तसे शोषखड्ड्यातले सांडपाणीही झिरपते. एका गुंठ्यात चार खोल्या, चार संडास, एक शोषखड्डा आणि त्याच आवारात विहीर असेल, तर ते पाणी डोळ्यांना कितीही नितळ दिसो, पिण्याजोगे आहे असे मानता येत नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान पन्नास-साठ फुटांचे अंतर हवे. पाणी मचूळ लागत नाही, एवढ्यावरून ते शुद्ध ठरत नाही. मचूळपणा मिठाचा असतो, जंतूंना चव नसते. जुलाब-उलट्या एक-दोन दिवसांत होतात आणि 'कालचे खेकडे बाधले' असे म्हणून विषय मिटतो. टायफॉइडचा ताप मात्र आठवडा-दोन आठवड्यांनी चढतो, तर 'ए' आणि 'ई' प्रकारच्या काविळीला दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. तोवर सहलीचे फोटोही मागे पडलेले असतात आणि काविळीचा संबंध त्या विहिरीशी कोणी जोडत नाही. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, 'ई' प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. तेव्हा तिच्यासाठी उकळलेल्याच पाण्याचा आग्रह धरावा, त्यात संकोच नको. वीस लिटरचा थंडगार जार म्हणजे सीलबंद पाणी नव्हे, त्याच्या झाकणावर सील आहे का, हे पाहावे. पाणी खळखळून एक मिनिट उकळले तर हे सगळे जंतू मरतात. एवढे करायला कोणताही यजमान नाही म्हणत नाही, फक्त त्याला आधी सांगावे लागते.

चौथी गोष्ट साप आणि विंचू. माडापोफळीच्या वाडीत राहायचे, तर ती वाडी त्यांचीही आहे, हे धरून चालावे. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महत्त्वाचे. त्यांतील फुरसे कोकणात मुबलक आहे. लांबीला जेमतेम फूट-दीड फूट, रंगाने मातीसारखे, दगडाखाली बसणारे. चिऱ्यांचा ढीग, सोडणांची रास, लाकडाचा फाटा खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवला असेल, तर तिथे उंदीर आणि उंदरांमागे साप येणारच. मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश इतका हलका की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. आठ माणसांच्या बुकिंगमध्ये दोन पलंग आणि चार गाद्या खाली, ही नेहमीची व्यवस्था. तेव्हा खाली झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाणी मिळेल का, हे विचारावे आणि ती चारही बाजूंनी गादीखाली खोचावी. डासांसाठी वापरायची ही साधी वस्तू मण्यारीलाही अडवते. दाराखालची फट, अंगणातला दिवा, रात्री बाहेर पडताना विजेरी आणि पायात चप्पल, सकाळी बूट झटकून घालणे, एवढ्याने धोका बराच कमी होतो.

लाल विंचवाचा दंश ही कोकणातली जुनी व्यथा. लहान मुलाला दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या आणि मग फुप्फुसात पाणी, असा तो प्रवास असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने अशी मुले वाचतात हे दाखवून दिले. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे हे काम प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काही रुपयांची गोळी वेळेत मिळाली तर मूल वाचते. यातला 'वेळेत' हा शब्द महत्त्वाचा आहे.

पाचवी गोष्ट पाण्यात बुडण्याची. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरलेल्या पुण्यातील महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतरही दर हंगामात अशा बातम्या येतातच. ज्या गावात उतरायचे, तिथल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत. पोहायला सुरक्षित जागा कोणती, आणि उद्या भरती किती वाजता? मुंबई-रायगडकडे जुन्या माणसांचा ठोकताळा सोपा आहे. पंधरवड्यातल्या तिथीला तीनने गुणून चारने भागावे. चतुर्थीला बारा भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते आणि ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त. प्रवाहाने आत ओढले तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडावे आणि मग वळावे. दारू पिऊन पाण्यात जाऊ नये, हे सांगून सगळे थकले आहेत, तरी सांगायलाच हवे.

समुद्राला तरी लोक घाबरतात. कॉटेजच्या अंगणातल्या तलावाला कोणीच घाबरत नाही. तीन-चार वर्षांचे मूल बुडताना ओरडत नाही, पाणी उडवत नाही. मोठी माणसे जेवणाची पाने घेत असताना दोन-तीन मिनिटांत सगळे संपते. लहान मुले बरोबर असतील, तर तलावाभोवती कुंपण आणि मुलाला उघडता न येणारे फाटक आहे का, हे विचारलेच पाहिजे. नसेल तर तलाव नसलेले घर घ्यावे. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावेत आणि छातीवर दाब द्यायला लागावे.

शेवटचा प्रश्न अंतराचा. समुद्र किती मिनिटांवर, हे जाहिरातीत असते. रुग्णालय किती मिनिटांवर, हे नसते. कोकणात हे अंतर नकाशावर पाहून कळत नाही, कारण मध्ये खाडी असते. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला इथे जंगलजेटीने पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे जाता येते. रात्री उशिरा ही फेरी बंद झाली की तोच पलीकडचा किनारा वळशाच्या रस्त्याने तास-दोन तासांवर जातो. तेव्हा प्रश्न नेमका विचारावा: रात्री फेरी बंद असताना, आपल्या बाजूचे चोवीस तास डॉक्टर असलेले ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का? प्रौढ असो की मूल, सर्पदंशात सुरुवातीलाच या लसीच्या आठ-दहा कुप्या लागू शकतात. मुलाला कमी मात्रा चालत नाही, कारण सापाने विष माणसाचे वजन पाहून सोडलेले नसते. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एखादी कुपी असून भागत नाही. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यभर आहे, पण घरात नेटवर्क नसेल तर फोन कुठे उभे राहून लावायचा, हेही पहिल्याच संध्याकाळी पाहून ठेवावे. दंश झालेला अवयव करकचून बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवावा आणि निघावे.

हे सगळे वाचून किनाऱ्यावरची घरे धोक्याची आहेत, असा अर्थ कोणी काढू नये. कोकणातला बहुतेक यजमान स्वतःच्या घरातल्या खोल्या देतो, स्वतः रांधून वाढतो आणि पाहुण्याला बरे वाटले नाही तर स्वतःची गाडी काढतो. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. अडचण अशी आहे की जे विचारले जाते तेच बाजार पुरवतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत कमोड नव्हता. पाहुणे विचारू लागले आणि तो आला. एसी आला, इन्व्हर्टर आला, वायफाय आले, अंगणात तलावही आला. यातली कोणतीही गोष्ट सरकारी आदेशाने आलेली नाही. न्हाणीघराला झरोका पाडायला, गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवायला, फलकावर आरसीसीबी बसवायला एसीच्या मानाने किरकोळ खर्च येतो. तो झालेला नाही, कारण त्याची विचारणा कोणी केली नाही.

सरकारनेही आपला वाटा उचलायला हवा. राज्याच्या पर्यटन संचालनालयाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात घरांची नोंदणी होते. गोव्यात तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय कायद्यान्वये अशी नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी करताना खोल्या किती हे जसे पाहिले जाते, तसेच न्हाणीघरातले वायुवीजन, विजेची गळतीरोधक यंत्रणा, वर्षातून एकदा विहिरीच्या पाण्याची तपासणी आणि तलावाचे कुंपण या चार गोष्टी प्रत्यक्ष पाहून मगच प्रमाणपत्र द्यावे. खोलीच्या दारामागे चेकआउटची वेळ लिहिलेली असते, त्याच कागदावर सर्वांत जवळच्या चोवीस तास सुरू असलेल्या रुग्णालयाचे नाव, रस्त्याने लागणारा वेळ आणि १०८ हा क्रमांक लिहायला एक ओळ पुरते. बुकिंगच्या ॲपवर खोलीचे वीस फोटो असतात, त्यांत एक न्हाणीघराच्या खिडकीचा असायला हरकत नसावी.

तोपर्यंत काम पाहुण्याने करायचे आहे. पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा सुरमईची चौकशी जरूर करा. ती झाली की तेवढ्याच सहजपणे विचारा, "काका, गिझर न्हाणीघरात आहे की बाहेर? विहिरीपासून शोषखड्डा किती लांब? आणि रात्री-बेरात्री गरज पडली तर दवाखाना कोणता?" काकांना राग येणार नाही. आठवड्याभरात दहा जणांनी हेच विचारले, तर पुढच्या हंगामापर्यंत ते गवंड्याला बोलावतील.